रिकामा उद्योग

"मेलो. परत मेलो," सासरे म्हणाले आणि गेमचा कंट्रोलर मांडीवर टाकून त्यांनी टीव्हीकडे असं पाहिलं, जसं फुकट काम करून घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं.

सून नुकतीच औषधांच्या दुकानातल्या कामावरून आली होती. चपला काढता काढता तिच्या लक्षात आलं, की सासऱ्यांची खुर्ची कालच्यापेक्षाही पुढे सरकली आहे. गुडघे टीव्हीच्या टेबलाला टेकायचे तेवढे बाकी होते.

"बाबा, आत जाऊनच बसायचा विचार आहे का?"

"टीव्ही गेलाय गं हा. मधला भाग विटलाय त्याचा. ती खांबांची रांग बघ, मध्येच वाकडी होते. उद्या उघडतो त्याला."

तिला खांब सरळ दिसत होते. वाकडं दुसरंच काहीतरी होतं. बोलताना सासऱ्यांनी तिच्याकडे मान वळवली होती खरी, पण ते बघत होते तिच्या कानामागच्या भिंतीकडे. दिवसभर काउंटरमागे उभं राहून तिला एक सवय लागली होती, की माणूस चिठ्ठी कशी धरतो हे आधी बघायचं. चिठ्ठी तिरकी धरून डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचणारी म्हातारी माणसं ती रोज बघत होती.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "माझ्या नाकाकडे बघा."

"का? नाकाला काय झालं?"

"बघा तर."

त्यांनी बघितलं. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे केली.

"नाक कुठाय?" ते म्हणाले, आणि ते विनोद करत नव्हते.

सासऱ्यांनी आयुष्यभर फ्रीज दुरुस्त केले. कामावर लोक त्यांना कॉम्प्रेसर म्हणायचे आणि ते नाव त्यांना इतकं आवडलं, की इंटरनेटवरही त्यांनी तेच घेतलं. व्हिडिओ गेमचा नाद त्यांना लागला तो चाळिशीत. एका गिऱ्हाइकाच्या घरी बिघडलेलं गेमचं यंत्र कचऱ्यात निघालं होतं. आत काय असतं बघू, म्हणून ते घरी घेऊन आले. दुरुस्त झाल्यावर चालतंय का ते तपासायला हवं, म्हणून खेळायला बसले. "तेव्हापासून तपासतोच आहे," असं ते सांगायचे.

सासूबाई हयात असताना या सगळ्याला 'रिकामा उद्योग' म्हणायच्या. त्या गेल्यावर सासऱ्यांनी इंटरनेटवर स्वतःचं एक छोटं पान उघडलं आणि त्याला तेच नाव दिलं. त्यावर ते मनाला येईल ते लिहीत. एखाद्या गेममधला पाऊस खोटा का वाटतो, घरातला राउटर फडताळात कोंडू का नये, जपानी ॲनिमे कार्टूनमधली माणसं जोराने ओरडण्याआधी श्वास का घेतात. त्यात पांडित्य नव्हतं. "काल शेवटच्या राक्षसानं मला पुन्हा धुतला. चूक माझीच. त्याचं बोलणं पूर्ण होऊ न देता मी मध्येच वार केला. मोठ्या माणसाचं बोलणं तोडू नये, हे गेमवाल्यांनाही कळतं," असं काहीबाही ते लिहीत, आणि कुठकुठली माणसं ते वाचून खाली दोन ओळी लिहून जात.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा सुनेला याचा वैताग यायचा. नवरा जहाजावर इंजिन विभागात कामाला. लग्नानंतर महिन्याभरातच तो समुद्रावर गेला आणि ती अन् सासरे दोन खोल्यांच्या घरात एकमेकांशी इतक्या आदबीनं वागू लागले, की दोघांचंही अंग आखडून जायचं. वर बाहेरच्या खोलीतून तलवारींचा खणखणाट आणि राक्षसांचं विव्हळणं. "घरात लहान मूल आहे, साठी उलटलेलं," असं तिनं आईला फोनवर सांगितलं होतं.

एका संध्याकाळी नवऱ्याशी बोलताना फोन तुटला. पुन्हा लागेना. ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली आणि नळ सोडून रडली. सासरे दारात आले. मग त्यांनी टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र उलटं केलं आणि त्यावर एक जहाज काढलं.

"हे बघ. तू इथं 'हॅलो' म्हणतेस. ते राउटरमधनं बाहेर पडतं, रस्त्याखालच्या तारेतनं किनाऱ्यावर जातं. तिथनं समुद्राच्या तळाला काचेचा धागा टाकलाय, केसाएवढा. अंधारात, माशांच्या खालनं तुझं 'हॅलो' उजेड होऊन पळतं. पलीकडे गेलं, की मोठी तबकडी ते आभाळात फेकते. उपग्रह ते झेलतो आणि खाली फेकतो, ते याच्या जहाजावर पडतं. जहाज हलतंय, बरं का! हलत्या जहाजावर नेम धरून टाकायचं. मग तो त्याच रस्त्यानं परत विचारतो, 'जेवलीस का?'" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एवढा खटाटोप होतो गं. अधूनमधून हातातनं सुटायचंच."

ती रडता रडता हसली. सासऱ्यांना धीर आला. त्यांनी बाहेरून दुसरा कंट्रोलर आणला.

"शेतीचा गेम आहे. मारामारी नाही. मी नांगरतो, तू पाणी घाल."

त्या दिवसापासून तिला सासऱ्यांविषयी जे वाटू लागलं, त्याला माया म्हणावी तर त्यात कौतुकच जास्त होतं. ज्या गोष्टी लोक वापरतात आणि विसरतात, त्यांच्याकडे हा माणूस अजून तोंडाचा आ करून बघू शकत होता. दुकानात कार्डाचं यंत्र अडलं, की बाकीचे चरफडायचे. तिच्या मनात यायचं, कुठंतरी काहीतरी कुणाच्या हातातनं सुटलं असेल.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी पडद्याचे फोटो दाखवले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर, बरोबर मधोमध, झीज झाली होती. एका डोळ्यात इंजेक्शनं देऊन आहे तेवढं काही काळ टिकवता येईल. गेलेलं मात्र येणार नाही.

"पूर्ण आंधळा होणार का मी?"

"नाही. कडेचं दिसत राहील. घरात तुम्ही हिंडा-फिराल. मधलं जाईल. वाचणं, चेहरे ओळखणं, असलं बारीक."

सासरे म्हणाले, "म्हणजे नकाशा दिसणार आणि मी दिसणार नाही."

"काय म्हणालात?"

"गेममध्ये, डॉक्टर, आपला माणूस कायम पडद्याच्या मध्ये असतो. नकाशा असतो कोपऱ्यात. कुठं जायचं ते कळेल मला. जाणारा कोण ते दिसायचं नाही."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. सुनेनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथं एक माणूस शिडीवर चढून दवाखान्याची पाटी पुसत होता.

घरी आल्यावर सासऱ्यांनी खुर्ची तिच्या मूळ जागेवर, भिंतीशी नेऊन ठेवली. टीव्हीवर कापड टाकलं. इंजेक्शनं घ्यायला मुकाट्यानं येत, चहा घेत, फिरायला जात, विचारलं तेवढं बोलत. पानावर त्यांनी काही लिहिलं नाही.

नवऱ्याचा फोन आला. "त्यांना ऐकायची पुस्तकं लावून दे ना," तो म्हणाला.

"त्यांना पुस्तक नकोय रे. त्यांना उडी मारायचीय."

"उडी?"

"जाऊ दे. तू आलास की बघू."

रविवारी सकाळी तिनं सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुमच्या पानावर लोक विचारतायत. काय सांगू?"

"लिही, दुकान बंद."

"का म्हणून, ते लिहू?"

"लिही की. चोरी थोडीच केलीय?"

तिनं औषधाच्या पुडीवर लिहावं तसं मोजकं लिहिलं. कॉम्प्रेसर यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजला आहे. खेळणं आणि लिहिणं थांबलं आहे. आपण वाचत होता, त्याबद्दल आभार. त्यांची सून.

संध्याकाळपर्यंत पान भरून गेलं. कुणी हळहळलं होतं, कुणी जडीबुटी सुचवली होती, कुणी फार सुंदर आणि फार लांब लिहिलं होतं. ती वाचून दाखवत होती आणि सासरे भिंतीकडे तोंड करून ऐकत होते, एखाद्या परक्या माणसाच्या शोकसभेला आल्यासारखे. मग एक ओळ आली. लिहिणाऱ्याचं नाव होतं 'वटवाघूळ'. हे वटवाघूळ गेली कित्येक वर्षं पानावर येत असे आणि तिरकस बोलून जात असे.

"डोळ्यांचं वाचलं," तिनं वाचून दाखवलं. "कान कसे आहेत?"

सासऱ्यांनी मान वळवली. "काय लिहिलंय?"

"कान कसे आहेत."

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले. पोट धरून हसले. "लिही तिला, का त्याला, जे काय असेल त्याला. कान शाबूत आहेत म्हणावं. शेजारच्यांचा फ्रीज चार दिवसांत बसणार, हे मला इथनं ऐकू येतंय."

वटवाघूळ म्हणजे पियानो सुरात लावणारी एक बाई निघाली. राहायची दुसऱ्या शहरात. दुसऱ्याच दिवशी दुपारी, सुनेनं पानावर दिलेल्या नंबरवर, बाईचा फोन आला. सुनेची सुट्टी होती. फोन मोठ्या आवाजावर ठेवून दोघं ऐकत बसली.

"काका, मी जन्मापासून आंधळी आहे," बाई सरळ म्हणाली. "आता कळलं का, वटवाघूळ का ते?"

सासरे फोनकडे झुकले. "अहो, पण तुम्ही तर माझं सगळं वाचता! गेल्या वर्षी त्या मारामारीच्या गेमवरनं भांडलात माझ्याशी!"

"फोन वाचून दाखवतो मला. आणि तो गेम मी खेळते. म्हणून भांडले."

"इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"विषय कुठं निघाला? तुम्ही तरी कधी सांगितलंत, तुम्हाला दिसतं म्हणून?" पलीकडून हसू आलं. "तुमचं पान मला का आवडतं, सांगू? बाकीचे लोक गेमबद्दल लिहितात, की चित्र किती सुंदर, रंग किती छान. माझ्या काय उपयोगाचं ते? तुम्ही लिहिता, त्या गुहेत पाणी उजवीकडे ठिबकतं, दगडावर बूट वाजतो आणि गवतावर बूट गप्प होतो. तुम्ही सगळं कानानं लिहिता, काका. तुमच्या लक्षात आलं नसेल."

सासऱ्यांनी कापडाची घडी बसवावी तसा हाताचा तळवा मांडीवर सपाट फिरवला. सून उठली आणि तिनं टीव्हीवरचं कापड काढलं.

"आता टीव्हीकडे पाठ करा," बाई म्हणाली. "तोंड करून बसलात, तर डोळे मध्ये लुडबुड करतील. डावं-उजवं उलटं ऐकू येईल, तेवढं ध्यानात ठेवा."

मारामारीच्या त्या गेममध्ये दोघं जण समोरासमोर उभे असतात. डाव्या माणसाचा आवाज डावीकडून येतो, उजव्याचा उजवीकडून. पुढे पाऊल टाकलं तर एक आवाज, मागे घेतलं तर दुसरा. लाथेआधी कपडा फडफडतो. मोठ्या ठोशाआधी समोरचा श्वास भरून घेतो. हे सगळं सासऱ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि त्याच्या भरवशावर पाऊल टाकणं वेगळं. वटवाघळानं आपल्या शहरातून, इंटरनेटवरून, त्यांना त्या दुपारी असं बडवलं, की ऐकवेना.

"काका, दमलात का?"

"परत," सासरे म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस सुनेला घरात तो एकच शब्द ऐकू यायचा. ती कपड्यांना इस्त्री करत असे आणि बाहेरच्या खोलीतून येई, "परत." ती चहा गाळत असे, "परत." एकदा ती स्वतः टीव्हीकडे पाठ करून, डोळे मिटून खेळायला बसली. कोण कुठं आहे, काही म्हणजे काही कळेना. कुणीतरी आपल्याला चारही बाजूंनी बुकलतंय आणि आपण हवेत हात मारतोय, एवढंच. डोळे उघडून तिनं सासऱ्यांकडे नव्यानं पाहिलं. या वयात, आहे ते जाताना बघत बसण्याऐवजी हा माणूस पहिलीच्या वर्गात जाऊन बसला होता आणि रोज मार खात होता.

सगळंच काही परत आलं नाही. एका सकाळी सासरे कपाटापुढे मांडी घालून बसले होते. गेमचे डबे चाचपत, कडेच्या नजरेनं रंग ओळखत, ते दोन ढीग लावत होते.

"हे कानाचे," ते म्हणाले. "हे डोळ्यांचे."

डोळ्यांचा ढीग कितीतरी मोठा होता. त्यात नकाशांचे गेम होते, कोड्यांचे होते, दोघांच्या शेतीचाही होता. शेतीचा डबा उचलून घ्यायला तिनं गुपचूप हात पुढे केला.

"घे, घे," सासरे म्हणाले. "तो तुझाच. आता तूच नांगर, तूच पाणी घाल."

ती खेळू लागली. शेजारी बसून ते विचारायचे, "काय लावलंस?" ती सांगायची. "कडेची पट्टी सोडलीस ना? तिथं सावली येते." ती म्हणायची, "सोडली." कधी विसरलेली असे. तरी म्हणायची, आणि मग हळूच जाऊन रोपं उपटायची.

पान पुन्हा सुरू झालं. सासरे फोनशी बोलत आणि फोन ते लिहून काढी. विरामचिन्हंही तोंडानं सांगावी लागत, त्यामुळे घरात बोलता बोलता त्यांच्या तोंडून "पूर्णविराम" निघून जाई. पहिल्याच दिवशी ते फोनला म्हणाले, "काल बॉसनं मला चिरडलं." बॉस म्हणजे गेममधला शेवटचा राक्षस. फोननं लिहिलं, "काल बसनं मला चिरडलं." दुपारी दुकानात सुनेला एका अनोळखी माणसाचा फोन आला, कॉम्प्रेसर कुठल्या इस्पितळात आहेत म्हणून. ते कळल्यावर सासरे इतके खूश झाले, की त्यांनी ती चूक तशीच ठेवायला लावली.

मग शहरात त्या गेमची खुली स्पर्धा जाहीर झाली. वटवाघळानं नाव नोंदवायला सांगितलं. सासरे नको म्हणाले. आठवडाभर नको म्हणाले. सुनेनं नाव नोंदवलं.

व्यायामशाळेच्या सभागृहात रांगेनं टीव्ही मांडले होते. खेळणारे बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे. टेबलामागे बसलेल्या आयोजकानं सासऱ्यांना बघून अदबीनं विचारलं, "काका, नातवाला घेऊन आलात का?"

"नाही, सुनेला," सासरे म्हणाले. "पण खेळणार मी."

त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले, तेव्हा आजूबाजूला कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. पहिल्या फेरीत समोर एक घड्याळं विकणारा होता. त्याला हा नुसता तोरा वाटला असावा. पडद्यावर दोनदा आपटला गेल्यावर तो सावरून बसला, पण तोवर उशीर झाला होता. सासरे जिंकले. हसणं थांबलं. सून मात्र सरकून सासऱ्यांच्या खुर्चीजवळ उभी राहिली. त्यांना नीट दिसत नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि कळल्यावर माणसं कशी वागतात याचीच तिला धास्ती होती.

दुसऱ्या फेरीत दाढीवाला ग्रंथपाल आला. शांत, सरावलेला. पहिला डाव त्यानं घेतला, दुसरा सासऱ्यांनी. लोक उठून मागे गोळा झाले. तिसऱ्या डावात दोघांचीही ताकद संपत आली होती. ग्रंथपाल अगदी जवळ आला. एक साधी लाथ, आणि संपलं. सुनेला पडद्यावर ते स्पष्ट दिसत होतं. ग्रंथपालाचा माणूस उभा राहिला. नुसता उभा. ग्रंथपालानं बटणावरून अंगठा उचलला होता आणि तो सासऱ्यांच्या पाठीकडे, त्यांच्या विरळ केसांकडे बघत होता.

सासरे मागे न वळता म्हणाले, "थांबू नका. तुमचा पाय थांबलेला ऐकू येतोय मला."

ग्रंथपालाचा अंगठा अजून वरच होता.

"मारा," सासरे म्हणाले.

ग्रंथपालाचा चेहरा लाल झाला. त्यानं खुर्ची पुढे ओढली, श्वास घेतला आणि लाथ मारली. सासऱ्यांनी ती अडवली. उलट ठोसा टाकला. ग्रंथपाल मागे सरला, वाकला, आणि यावेळी खरोखरच, सगळं पणाला लावून, त्यानं खालून फटका हाणला. पडद्यावरचा सासऱ्यांचा माणूस उडून पडला.

"वा!" सासरे ओरडले. "अरे वा! हा कुठनं काढलात? परत सांगा मला, कसा मारलात तो!"

ग्रंथपाल उठून त्यांच्याशेजारी येऊन बसला आणि खाली मान घालून, बटणं हळूहळू दाबत, सांगू लागला. पुढच्या जोडीला टीव्ही हवा होता. आयोजकानं त्यांना दुसऱ्या टीव्हीवर पाठवलं.

परतताना दुपारची बस अर्धी रिकामी होती. सासरे खिडकीशी बसले, सून त्यांच्या बाजूला. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि लिहायला घेतलं.

"आज हरलो पूर्णविराम," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "फार चांगल्या माणसाकडून हरलो स्वल्पविराम आणि त्याचा शेवटचा फटका असा होता, की सांगतो पूर्णविराम. आधी त्याचा गुडघा जमिनीला घासला..."

समोरच्या बाकावरची बाई मागे वळली. एका कामगारानं कानातली हेडफोनची बोंडं काढून हातात घेतली. चालकानं आरशातून पाहिलं. सासऱ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचा मोकळा हात हवेत तो फटका पुन्हा मारून दाखवत होता, सावकाश, कुणाला तरी शिकवावा तसा.

त्यांचा थांबा आला. दार उघडलं, बाहेरची गरम हवा आत आली, दोन माणसं उतरली. गुडघ्यानंतर खांदा कसा वळला, ते अजून सांगायचं राहिलं होतं. सून हलली नाही. दार लागलं आणि बस पुढे निघाली.